एकच तळं, बारा महिने: गावात पक्षीफेरी कशी सुरू करावी आणि टिकवावी

पहिल्या वेळी आमच्या चुकायच्या तेवढ्या सगळ्या गोष्टी चुकल्या. नोव्हेंबरातला रविवार, गावाबाहेरचा पाझर तलाव, साठ-पासष्ट पोरं, चार शिक्षक, एक कर्णा आणि उद्घाटनाचा नारळ. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत साडेनऊ वाजले. तोवर पाण्यावरचं एकूण एक बदक पलीकडच्या काठाला लागलं होतं. पोरांनी त्या दिवशी पाहिलं काय, तर वडापावच्या कागदांवर उतरलेले कावळे.

त्याला नऊ वर्षं झाली. आता कर्णा नाही, पाहुणे नाहीत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, त्याच तळ्यावर, पंधराएक माणसं. पाऊस असो, लग्नसराई असो, फेरी होते. तुमच्या गावात, वस्तीत किंवा सोसायटीत असं काही सुरू करायचं असेल, तर आम्ही चुकत-माकत शिकलो ते इथे क्रमानं लिहितो.

जागा: चालत जाता येईल अशी

लोक सुरुवातच अभयारण्याच्या सहलीनं करतात. भिगवणचे रोहित, नांदूर मध्यमेश्वरची बदकं, वेळासची कासवं. सहल छान होते, फोटो येतात आणि पुढच्या महिन्यात काही घडत नाही. पाहुणा होऊन पाहिलेला पक्षी पाहुणाच राहतो. घराजवळची, कंटाळा येईल इतकी ओळखीची जागा निवडा. तीच जागा बारा महिने पाहिली की मग कळतं, मागच्या महिन्यात इथे काय नव्हतं.

चांगल्या जागेत तीन गोष्टी हव्यात: थोडं पाणी, थोडी झाडी, थोडं मोकळं रान. पाझर तलाव, ओढ्याचा काठ, गावची देवराई, गायरान, जुनी आमराई, कॉलेजचं आवार, काहीही चालतं. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव (जुने, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले) आहेत, गोव्यात खाजन म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची शेती आहे, ठाण्या-नवी मुंबईत खाडी आहे. यातलं काहीच नसेल तर एक वडाचं झाडही पुरतं. वड फळला की तांबट, हरियाल, कोकीळ, साळुंक्या, बुलबुल सगळे तिथेच येतात आणि तुम्हाला हिंडावंही लागत नाही.

जागा ठरली की आधी दोन-तीन वेळा एकट्यानं जाऊन या. सूर्य कुठून येतो ते बघा. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी वाट हवी, नाहीतर समोर सगळे पक्षी काळे ठिपके दिसतात. बसायला सावली कुठे, निसरडं कुठे, कुत्री कुणाची, विहिरीला कठडा आहे का, हेही. आणि वर मान करून आग्या मोहोळ बघायला विसरू नका. मोठं झाड, पुलाची कमान किंवा कडा असेल तर हमखास बघा. मोहोळाखालून गट न्यायचा नाही, तिथे धूर नाही, अत्तर नाही, दगड तर मुळीच नाही.

परवानग्यांचं थोडक्यात: खाजगी शेतातून वाट जात असेल तर मालकाला घरी जाऊन विचारा, फोनवर नको. वनक्षेत्र असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात पत्र द्या. मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि त्यांचे फोन नंबर तुमच्या खिशात. खर्च म्हणाल तर पहिल्या वर्षी आमचा खर्च दोन वह्या आणि चहाचा होता.

माणसं: पंधराच्या वर नकोत

एका जाणकारामागे बारा ते पंधरा. जास्त आले तर दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतरानं सोडा. पुढे एक वाट दाखवणारा, मागे एक शेपटीला. शेपटीवाला महत्त्वाचा, कारण चांगला पक्षी नेहमी मागे राहिलेल्यालाच दिसतो आणि तो ओरडतो.

वेळ: हिवाळ्यात साडेसहा-सात, उन्हाळ्यात सहा. दोन तास पुरे. मुलांना दीड तासानंतर भूक लागते आणि भुकेल्या पोराला कुठलाच पक्षी दिसत नाही. कपडे मळखाऊ, मातकट. शाळेचा पांढराशुभ्र शर्ट टाळा.

दुर्बिणी कमी असल्या तर बिघडत नाही. चौघांत एक पुरते. विकत घेणार असाल तर ८ बाय ४२ची घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण लहान हातांत थरथरते. पण दुर्बीण हातात देऊन मोकळं होऊ नका, हा धडा आम्हाला उशिरा मिळाला. पहिल्या फेरीत अर्धी मुलं नुसती 'दिसला, दिसला' म्हणत होती, कुणालाच काही दिसत नव्हतं. आता निघण्याआधी दहा मिनिटं आम्ही गावच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचायला लावतो. आधी दुर्बिणीचे दोन डोळे आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणायचे, दोन गोलांचा एक गोल झाला पाहिजे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं अक्षरं स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवायची. यापुढची युक्ती अशी: पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधायला गेलं की फांद्यांशिवाय काही सापडत नाही. सूर्याकडे दुर्बीण न्यायची नाही, हे प्रत्येक फेरीला बजावा.

फेरी: नाव शेवटी सांगायचं

आपल्याला नाव ठाऊक असलं की ते सांगायची घाई होते. 'तो बघा कोतवाल!' मुलं वहीत कोतवाल लिहितात, पुढे चालू लागतात. पक्षी बघून झाला, पाहिला कुणीच नाही.

म्हणून आमचा नियम असा: पक्षी दिसला की आधी पाच प्रश्न. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? चोच कशी? शेपूट कशी, हलवतो का? बसलाय कुठे? करतोय काय? एवढं झालं की मग नाव. ते सांगायचा मान ज्यानं सगळ्यात बारीक पाहिलं त्याचा. ओळखता आला नाही तर वहीत वर्णन आणि पुढे प्रश्नचिन्ह. अंदाजे नाव ठोकायचं नाही, मोठ्यांनीही नाही. 'मला माहीत नाही' हे मुलांसमोर म्हणता येणं, ही गट चालवणाऱ्याची पहिली पात्रता. ज्ञान त्यानंतर.

एकदा तारेवर वेडा राघू बसला होता. हिरवागार, शेपटीतून एक सुईसारखं पीस बाहेर. झेप घेतली, माशी पकडली, परत तारेवर. आणि ती माशी तो तारेवर आपटू लागला. डावीकडे, उजवीकडे. पाचवीतली एक मुलगी दुर्बीण न काढता म्हणाली, "काका, हा धुणं आपटतोय!" मी नुसतं विचारलं, का आपटत असेल? मारायला, मऊ करायला, मजा म्हणून, अशी उत्तरं आली. शेवटी कुणीतरी म्हणालं, नांगी असेल. बरोबर होतं. हा पक्षी मधमाश्या-गांधीलमाश्या खातो, त्यांची नांगी आणि विष फांदीवर घासून-आपटून काढतो, मगच गिळतो. वीस मिनिटं आम्ही तारेखालून हललो नाही. त्या दिवशी यादीत सात नावं होती आणि ती आमच्या चांगल्या फेऱ्यांपैकी एक आहे.

आवाजाला मराठीत तयार शिकवण्या आहेत, त्या वापरा. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो, एकदा ऐकलं की जन्मात विसरत नाही. तांबटाचं 'टुक टुक टुक' म्हणजे भांड्यावर पडणारी हातोडी. पुण्यातल्या तांबट आळीतून गेलेल्याला वेगळं समजवावं लागत नाही. सातभाई सात नसतात, कधी पाच असतात, कधी दहा, हे मोजायला लावा. फेरीत दोन वेळा दोन-दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि किती वेगळे आवाज आले ते बोटांवर मोजायचं. मोठ्या माणसांना हे मुलांपेक्षा अवघड जातं.

नावांचा एक घोळ होतो, तो आनंदानं होऊ द्या. भारद्वाज कुठे कुंभारकावळा असतो, कुठे सोनकावळा, कोकणात कुकुडकोंबा. मूल घरचं नाव घेऊन आलं तर ते चूक म्हणू नका. वहीत दोन्ही लिहा.

जाणकार शहरातूनच आणावा लागतो असं नाही

आमच्या तळ्यावर एक मेंढपाळ मामा असतात. पहिली दोन वर्षं आम्ही त्यांना रामराम करून पुढे जायचो. मग एका उन्हाळ्यात त्यांनीच हाक मारली, "तिकडं पाय ठेवू नका, टिटवीची अंडी हायेत." आम्ही तिथे चार पावलांवर उभे होतो आणि कुणालाच दिसली नव्हती. खड्यांत खड्याच्या रंगाची चार अंडी.

टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, खाली पाण्याजवळ घातली तर कमी, हा आडाखा मामांचा. तुमच्याकडेही म्हातारी माणसं सांगतील. याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नका आणि पुराणातलं विज्ञान म्हणून डोक्यावरही घेऊ नका. तपासा. आम्ही तळ्याच्या बांधाच्या पिचिंगवर, म्हणजे पाण्याकडच्या दगडी अस्तरावर, रंगानं आकडे टाकलेत. दर उन्हाळ्यात एकच मोठा माणूस बांधावरून दुर्बिणीनं घरट्याची जागा बघतो आणि पाण्यापासूनची उंची अंदाजे टिपतो. पावसाळा संपला की पाणी कुठल्या आकड्याला पोचलं ते लिहितो. मामा म्हणतात जुळतं, वही म्हणते कधी जुळतं, कधी नाही. मुलं दोघांशीही वाद घालतात.

गुराखी, कोळी, पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी, रानभाज्या आणणाऱ्या बायका यांना वर्षातून दोन-तीनदा बोलवा आणि बोलू द्या. मानधन द्यायची ऐपत असेल तर शहरातल्या वक्त्याआधी यांना द्या. वेळासला, रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२पासून कासवांचं काम उभं केलं, ते गावकऱ्यांना धरूनच. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला आलेले लोक गावात घरोघरी उतरतात, जेवतात, पैसे त्या घरांत जातात. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी पूर्वी उकरून नेली जायची, त्याच किनाऱ्यावर.

वर्षाचं वेळापत्रक

दर महिन्याला एक गोष्ट मुख्य धरा. आमचं साधारण असं जमतं.

जानेवारीत पाणी. थंडीचे पाहुणे अजून असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो, हे सांगितलं की सगळ्यात दंगेखोर पोरगाही गप्प होतो. याच महिन्यात संक्रांत. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी झाडांवर तो लटकतोच. सणानंतरच्या रविवारी काठीला आकडा बांधून मांजा गोळा करायची फेरी काढा. विजेच्या तारांजवळचा मांजा मात्र काढायचा नाही, त्यासाठी वीजवाल्यांना कळवायचं.

फेब्रुवारी-मार्चात चालायचंच नाही. काटेसावर, पळस किंवा पांगारा फुललेला शोधायचा आणि त्याच्याखाली चटई टाकून बसायचं. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, खारी, मधमाश्या, सगळे त्याच फुलांवर. कुणी कुणाला हुसकावलं, एवढंच टिपायचं.

एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्टी, ऊन कडक. सकाळी तासभर, बाकी घरी पाण्याची भांडी. मातीचं पसरट भांडं, दोन इंच पाणी, मध्ये एक दगड, रोज घासून पाणी बदलायचं. खोल प्लास्टिकचा टब ठेवून पिल्लं बुडालेली मी पाहिली आहेत.

जूनपासून आमची सगळ्यात आवडती गोष्ट: सुगरणीची घरटी. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीवर नर गवताचे लांब धागे फाडून आणतो आणि विणतो. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर तो पुरं करतो, नाहीतर ते तसंच लोंबत राहतं. म्हणजे 'सुगरण' हे कौतुक आपण बाईच्या नावानं केलं आणि काम निघालं बाप्याचं, यावर दरवर्षी हशा होतो. अर्धवट आणि पूर्ण घरटी मोजून दोन रकाने करा.

जुलै-ऑगस्टात साप. नागपंचमीच्या आठवड्यात फेरीऐवजी गावच्या पारावर बैठक घ्या, मुलांपेक्षा मोठे जास्त येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी चित्रांवरून ओळखता यावेत. धामण गाईचं दूध पीत नाही, नागही दूध पीत नाही, मांडुळाला दोन तोंडं नसतात आणि त्यानं गुप्तधन सापडत नाही. मांडूळ पकडणं-विकणं गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा. जिवंत साप हातात घेऊन दाखवणाऱ्याला बोलवू नका, कितीही नावाजलेला असला तरी. मुलं सापाबद्दल शिकत नाहीत, साप हातात कसा धरायचा ते शिकतात. साप चावला तर चिरा नाही, आवळपट्टी नाही, मांत्रिक नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ला फोन आणि थेट रुग्णालय.

सप्टेंबरात फुलपाखरं, शिवाय पहिला करडा धोबी कोण बघतो याची पैज. तळ्याच्या काठावर शेपूट वर-खाली करत तो आला की हिवाळ्याच्या पाहुण्यांची सुरुवात झाली. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आणि नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. दोन्ही जोडून हा आठवडा साजरा करायचं राज्य सरकारनं २०२०मध्ये ठरवलं. या काळात शाळा स्वतःहून बोलावतात. जरूर जा, पण भाषणाला नाही. त्यांच्याच पटांगणात अर्धा तास चालवा.

डिसेंबरात वर्षाची वही वाचायची. यंदा कोण आलं नाही, हा प्रश्न त्यातला मुख्य.

वही आणि मोबाइल

वहीत रकाने: तारीख, वेळ, हवा, पाणी कितव्या आकड्यावर, नाव, संख्या, काय करत होता. 'खूप' लिहायचं नाही. थवा मोठा असेल तर दहा मोजायचे, मग तेवढे किती ढीग होतात ते बघायचं.

एक जण ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या जागतिक संकेतस्थळावर, नोंद करू दे. तिथे पक्ष्यांची नावं मराठीत दिसण्याची सोय आहे. मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, पण ते सुचवतंच फक्त. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्या वहीत चढत नाही. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीगणना असते, १५ मिनिटं मोजणी केली तरी भाग घेता येतो. अर्ली बर्ड या उपक्रमाची चित्रं आणि पत्रकं मराठीतही मिळतात, वर्गात लावायला उत्तम.

एक वाईट आठवण इथे सांगायला हवी. तिसऱ्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या घरट्याचा फोटो टाकला, खाली नकाशाची खूण. दोन दिवसांत झाडाखाली कॅमेरेवाले, फांद्या बाजूला बांधलेल्या, तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं. चूक आमची होती, गट आम्हीच बांधला होता. तेव्हापासून घरट्याचा फोटो नाही, जागेचा उल्लेख नाही, घुबडाचा तर नाहीच. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचंही नाही. तो हद्दीत घुसलेल्या शत्रूला हाकलायला येतो, आपल्याला भेटायला नाही. खाडीत कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठ्या टाकणं ही त्याच जातीची हौस आहे.

जखमी पक्षी, पडलेलं पिल्लू

गट नावारूपाला आला की लोक खोक्यात काहीबाही घेऊन तुमच्या दारात येतात. तयारी ठेवा. पिसं पूर्ण आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं, आई जवळच असते. त्याला मांजर-कुत्र्यापासून दूर झुडपात ठेवायचं आणि लांबून पाहायचं. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. खरोखर जखमी असेल तर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुती कापड, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा मोह होतो, विशेषतः पोपटाच्या पिल्लाचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं त्यात बसत नाही. ज्यांच्या घरी आधीच पिंजरा आहे त्यांच्या मुलाला गटासमोर लाजवू नका. आमच्याकडचा एक पिंजरा मुलानंच दीड वर्षानं हट्ट धरून वनविभागाकडे पोचवला.

कुणी आलं नाही तर

येणार नाही असा रविवार येतोच. तरी जा. तारीख बदलली की गट मोडतो. वर्षाला बाराच्या बारा फेऱ्या झाल्या, हीच गावातली तुमची पत.

मागच्या ऑगस्टात धो धो पाऊस होता. मी आणि सातवीतला एक मुलगा, दोघंच, एका छत्रीत. त्या दिवसाची नोंद अशी आहे: पाणी नवव्या आकड्यावर, माणसं दोन, पक्षी अकरा जातींचे. अकराव्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तपकिरी, साळुंकीहून लहान, बेशरमीच्या जाळीत शिरला तो दिसलाच नाही. मुलगा दर फेरीला त्या जाळीपाशी थांबतो.